सव्वीस, चार, तीन, शून्य

२८ जानेवारी १९९८ रोजी चेन्नईच्या पश्चिमेला पूनामल्ली येथे भरलेल्या, दहशतवादविरोधी टाडा कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने राजीव गांधी हत्या खटल्याचा निकाल दिला. खटला चालवलेल्या सर्वच्या सर्व २६ आरोपींना एकाच दिवशी फाशीची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात त्या २६ फाशींपैकी चार उरल्या. २००० मध्ये तीन उरल्या. २०१४ मध्ये एकही उरली नाही, आणि २०२२ मध्ये खटल्यातले शेवटचे सात कैदीही तुरुंगाबाहेर आले. पुरावा तोच होता, आरोपी तेच होते आणि गुन्हाही तोच. फक्त प्रत्येक पायरीवर त्याच प्रश्नाचे उत्तर वेगळे आले. भारतातील मृत्युदंडाच्या वादात जे जे मुद्दे मांडले जातात, ते सगळे या एका खटल्यात माणसांच्या रूपाने उभे राहिलेले दिसतात.

गुन्हा २१ मे १९९१ च्या रात्री घडला. चेन्नई तेव्हा मद्रास होते. लोकसभा निवडणुकीच्या प्रचारासाठी राजीव गांधी मद्रासहून सुमारे ४० किलोमीटरवरील श्रीपेरुंबुदूरला पोहोचले. रात्री दहाच्या सुमारास धनू नावाच्या तरुणीने हार घालून, पाया पडण्यासाठी वाकत, अंगावर बांधलेल्या स्फोटकांचा स्फोट केला. राजीव गांधींबरोबर आणखी पंधरा-सोळा माणसे गेली. त्यांत बंदोबस्ताचे पोलीस होते, पक्षाचे कार्यकर्ते होते, सभा ऐकायला आलेली माणसे होती. कितीतरी जण कायमचे जायबंदी झाले. ज्यांची नावे वर्तमानपत्राच्या मथळ्यात कधी आली नाहीत अशी ही कुटुंबे या कहाणीत शेवटपर्यंत आहेत, हे विसरून मृत्युदंडाची चर्चा करणे अन्यायाचे आहे.

सीबीआयच्या विशेष तपास पथकाने डी. आर. कार्तिकेयन यांच्या नेतृत्वाखाली तपास केला. स्फोटाच्या जागी मेलेल्या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यातील चित्रांमुळे धागे हाती आले. कटामागे श्रीलंकेतील लिट्टे ही संघटना असल्याचे निष्पन्न झाले. कटाचा स्थानिक सूत्रधार शिवरासन आणि त्याचे साथीदार ऑगस्ट १९९१ मध्ये बंगळूरजवळ कोननकुंटे येथे, पोलिसांचा वेढा पडल्यावर मरण पावले. आरोपपत्रात ४१ नावे होती. त्यांतले १२ जण आधीच मेलेले होते आणि तिघे फरार होते. उरले ते २६. म्हणजे ज्यांनी हत्या ठरवली आणि ज्यांनी ती केली, त्यांपैकी बहुतेक जण न्यायालयासमोर कधी आलेच नाहीत. समोर उभे होते ते मुख्यतः मदतनीस: कोणी घर दिलेले, कोणी निरोप पोहोचवलेला, कोणी वस्तू आणून दिलेली.

खटला टाडा कायद्याखाली चालला, आणि त्या एका गोष्टीने पुढचे बरेच काही ठरून गेले. सर्वसाधारण फौजदारी कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. टाडाच्या कलम १५ प्रमाणे पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला जबाब चालत असे. दुसरा फरकही तितकाच गंभीर होता. एरवी सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही; तिथे सगळा पुरावा नव्याने तपासला जातो. टाडाच्या निकालावर मात्र थेट सर्वोच्च न्यायालयात अपील होई. त्यामुळे मद्रास उच्च न्यायालयासमोर या खटल्याचा पुरावा कधी गेलाच नाही. साध्या खुनाच्या आरोपीला मिळणारी एक आख्खी पायरी, ज्या खटल्यात २६ माणसांचा जीव पणाला लागला होता, तिथेच नव्हती. टाडा १९९५ मध्ये संपुष्टात आला, पण त्याखाली सुरू झालेले खटले चालूच राहिले.

११ मे १९९९ रोजी न्यायमूर्ती के. टी. थॉमस, डी. पी. वाधवा आणि एस. एस. एम. काद्री यांनी निकाल दिला. ही हत्या टाडाच्या व्याख्येतील दहशतवादी कृत्य ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि त्या कायद्याखालील शिक्षा रद्द केल्या. मात्र त्याच कायद्याखाली नोंदवलेले कबुलीजबाब खुनाच्या आणि कटाच्या आरोपांसाठी ग्राह्य धरले. १९ जण हत्येच्या कटातून सुटले. किरकोळ गुन्ह्यांसाठी त्यांनी भोगलेली कैद पुरेशी मानली गेली. रॉबर्ट पायस, जयकुमार आणि रविचंद्रन यांना जन्मठेप झाली. नलिनी, तिचा पती मुरुगन, संथन आणि पेरारिवलन या चौघांची फाशी कायम राहिली. नलिनीच्या बाबतीत पीठाचे एकमत नव्हते. तिला जन्मठेप द्यावी, असे पीठाचे अध्यक्ष न्यायमूर्ती थॉमस यांचे मत होते. दोन विरुद्ध एक अशा मताने एका बाईचे मरण ठरले.

इथे कायद्याची चौकट पाहिली पाहिजे. १९५५ पर्यंत भारतात खुनाला फाशी हाच नियम होता आणि ती न देण्याची कारणे न्यायाधीशाला लिहावी लागत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ते उलटे केले: जन्मठेप हा नियम झाला आणि फाशी द्यायची तर 'विशेष कारणे' लिहिणे आवश्यक ठरले. ९ मे १९८० रोजी बचनसिंग खटल्यात घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने मृत्युदंड घटनेला धरून असल्याचे सांगितले, पण तो 'दुर्मिळात दुर्मिळ' प्रकरणांपुरताच राखून ठेवला. गुन्हा किती क्रूर एवढेच पाहून भागणार नाही. गुन्हेगार कोण, त्याचे वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता हेही तोलले पाहिजे, असा तो निकाल आहे. न्यायमूर्ती पी. एन. भगवती एकटे विरोधात होते. फाशी मिळणार की नाही हे आरोपी कोणत्या पीठासमोर उभा राहतो यावर अवलंबून राहील, ही त्यांची भीती होती. त्याआधी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपिलांची चर्चा चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फाशीच्या शिक्षेसाठी अपिलाची खास तरतूद करण्यापेक्षा ती शिक्षाच रद्द करणे आपण पसंत करू, असे मत नोंदवले होते. सभेने तो मार्ग घेतला नाही.

न्यायालयांचे दार बंद झाले की उरतो तो दयेचा अर्ज. राज्यपालांना घटनेच्या कलम १६१ ने आणि राष्ट्रपतींना कलम ७२ ने शिक्षा कमी करण्याचा अधिकार दिलेला आहे. ही राजाची मेहेरबानी नव्हे. न्यायालयाच्या चौकटीत न बसणाऱ्या गोष्टी पाहण्यासाठी घटनेने ठेवलेली ती शेवटची झडप आहे. चौघांना नोव्हेंबर १९९९ मध्ये फाशी देण्याचे ठरले होते. राज्यपाल फातिमा बीवी यांनी त्यांचे अर्ज मंत्रिमंडळाचा सल्ला न घेताच फेटाळले, म्हणून मद्रास उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. एप्रिल २००० मध्ये करुणानिधी मंत्रिमंडळाने नलिनीची फाशी जन्मठेपेत बदलण्याची शिफारस केली आणि ती मान्य झाली. तिची मुलगी तुरुंगात जन्मलेली होती. आईबापांना दोघांनाही फाशी झाली तर मूल पोरके होईल, हा विचार त्यामागे होता. सोनिया गांधींनीही नलिनीच्या बाजूने दयेची भूमिका घेतली होती. उरलेल्या तिघांचे अर्ज राज्यपालांनी फेटाळले, म्हणून ते राष्ट्रपतींकडे गेले.

तिथून ते हलले नाहीत. पहिली पाच वर्षे फाईल केंद्रीय गृहमंत्रालयातच होती. मग ती राष्ट्रपती भवनात गेली आणि तिथे आणखी काही वर्षे राहिली. राष्ट्रपती बदलले, सरकारे बदलली. अखेर ऑगस्ट २०११ मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी अर्ज फेटाळले. याच राष्ट्रपतींनी आपल्या कारकिर्दीत तिसाहून अधिक कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलली होती, हेही नोंदले पाहिजे. अर्ज केल्यापासून उत्तर येईपर्यंत अकरा वर्षे उलटून गेली होती. उत्तर आले तेव्हा वेल्लूरच्या मध्यवर्ती तुरुंगात ९ सप्टेंबर २०११ ही फाशीची तारीख ठरली.

त्या ऑगस्टचे शेवटचे दिवस तमिळनाडू विसरलेला नाही. चेन्नईत उपोषणे झाली, मोर्चे निघाले. कांचीपुरममध्ये एका तरुणीने या तिघांना वाचवा, असे म्हणत स्वतःला पेटवून घेतले. ३० ऑगस्टला मद्रास उच्च न्यायालयाच्या लाल विटांच्या इमारतीत आणि आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. राम जेठमलानी कैद्यांच्या वतीने उभे राहिले. न्यायमूर्ती सी. नागप्पन आणि एम. सत्यनारायणन यांनी फाशीला आठ आठवड्यांची स्थगिती दिली. त्याच दिवशी मुख्यमंत्री जयललिता यांनी मांडलेला, तिघांच्या शिक्षेचा फेरविचार करण्याची राष्ट्रपतींना विनंती करणारा ठराव विधानसभेने एकमताने मंजूर केला. या सगळ्यात तमिळ अस्मितेचे आणि पक्षीय राजकारणाचे रंग मिसळलेले होते, यात शंका नाही. म्हणून न्यायालयापुढचा प्रश्न मात्र राजकीय ठरत नाही. तो घटनेच्या कलम २१ चा होता: ज्याच्या डोक्यावर अकरा वर्षे दोर टांगलेला आहे, त्याला शेवटी फाशी देणे ही न्यायालयाने सुनावलेलीच शिक्षा आहे, की तिच्यावर चढवलेली दुसरी?

हा प्रश्न पहिल्यांदा ठळकपणे मांडला गेला तो तमिळनाडूच्याच एका खटल्यात. १९८३ च्या वातीश्वरन खटल्यातील कैदी आठ वर्षे फाशीच्या छायेत एकांतकोठडीत होता. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी दोन वर्षांहून अधिक विलंब झाला तर फाशी जन्मठेपेत बदलावी, असा निर्णय दिला. दोन वर्षांची ती रेघ काही आठवड्यांतच दुसऱ्या पीठाने पुसली, आणि १९८९ मध्ये त्रिवेणीबेन खटल्यात घटनापीठाने सांगितले की ठरावीक मुदत घालता येणार नाही, पण दयेच्या अर्जावर झालेला अवाजवी विलंब तपासता येईल. २०१३ मध्ये भुल्लर खटल्यात आणखी एक वळण आले: दहशतवादाच्या गुन्ह्यात विलंबाचा फायदा मागता येणार नाही, असे दोन न्यायमूर्तींनी म्हटले. तो नियम टिकला असता तर वेल्लूरच्या तिघांची वाट बंद होती.

तो टिकला नाही. २१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान खटल्यात सरन्यायाधीश पी. सदाशिवम, न्यायमूर्ती रंजन गोगोई आणि शिवकीर्ती सिंग यांनी १५ कैद्यांची फाशी एकदम जन्मठेपेत बदलली. त्यांत १९९३ च्या पालार सुरुंगस्फोटातील चंदनतस्कर वीरप्पनचे चार साथीदारही होते. भुल्लरचा निकाल चुकीचा ठरवत न्यायालयाने सांगितले की गुन्ह्याचा प्रकार कोणताही असो, सरकारने अकारण केलेला विलंब हा छळच आहे. दयेचा अर्ज फेटाळल्याचे कैद्याला आणि घरच्यांना लेखी कळवणे, त्यानंतर फाशीपूर्वी किमान १४ दिवसांची मुदत ठेवणे, कायदेशीर मदत देणे, मनोरुग्ण झालेल्या कैद्याला फाशी न देणे, हे नियम याच निकालातून आले. सदाशिवम स्वतः तमिळनाडूचे आणि मद्रास उच्च न्यायालयातून पुढे गेलेले. महिनाभराने, १८ फेब्रुवारी २०१४ रोजी याच तिघांच्या पीठाने मुरुगन, संथन आणि पेरारिवलन यांची फाशी जन्मठेपेत बदलली. कैदी तुरुंगात आनंदात आहेत, कार्यक्रमांत भाग घेतात, तेव्हा त्यांना यातना झाल्या असे म्हणता येणार नाही, असा युक्तिवाद केंद्र सरकारने केला होता. न्यायालयाने तो फेटाळला. मरणाची वाट पाहणाऱ्याने आपले दुःख सिद्ध करून दाखवावे, अशी अट घालता येत नाही.

ही वाट पाहणे म्हणजे काय असते, याची कल्पना बाहेरच्या माणसाला येणे कठीण आहे. सुनील बत्रा खटल्यात १९७८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की सर्व न्यायालयीन मार्ग आणि दयेचा अर्ज संपेपर्यंत फाशीच्या कैद्याला एकांतकोठडीत टाकता येत नाही. प्रत्यक्षात देशभर वर्षानुवर्षे तसे होत राहिले. शिक्षा झालेला माणूस कैदी असतो, पण त्याला काम नसते, सुटकेचा दिवस नसतो, संचित रजा नसते. अटक झाली तेव्हा पेरारिवलन १९ वर्षांचा होता. तुरुंगात त्याने बारावीची परीक्षा दिली, मुक्त विद्यापीठातून संगणकाची पदवी आणि पदव्युत्तर पदवी घेतली. २०२२ मध्ये त्याच्या सुटकेच्या निकालात न्यायालयाने त्याच्या वर्तनाची आणि शिक्षणाची दखल घेतली.

शिक्षा एकट्या कैद्याला होत नाही. जोलारपेट्टैची अर्पुतम्माळ ही पेरारिवलनची आई तीस वर्षे तुरुंग, वकिलांच्या कचेऱ्या, मंत्र्यांची दारे आणि सभांची व्यासपीठे यांच्यात फिरत राहिली. नलिनी आणि मुरुगनची मुलगी आईबापांपासून दूर, परदेशात नातेवाइकांकडे वाढली. दुसऱ्या बाजूला मेलेल्यांची घरे होती. स्फोटात हाताची बोटे गमावलेल्या एक महिला पोलीस अधिकारी या कैद्यांच्या सुटकेला अखेरपर्यंत विरोध करत राहिल्या. मृतांच्या काही नातेवाइकांनी सुटकेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिकाही केल्या. त्याच वेळी प्रियांका गांधी मार्च २००८ मध्ये वेल्लूरच्या तुरुंगात जाऊन नलिनीला भेटल्या. एकाच स्फोटाने दुखावलेली माणसे दोन टोकांना उभी आहेत, आणि दोन्ही खरी आहेत. पण तीस वर्षे या सर्वांनाच दर काही वर्षांनी पुन्हा त्याच रात्रीकडे खेचून नेणारी जी गोष्ट आहे, ती म्हणजे ही शिक्षा. जन्मठेप झाली असती तर १९९९ मध्येच विषय बराचसा संपला असता.

मृत्युदंडावरचा सर्वांत जड आक्षेप म्हणजे निकालातल्या चुकीचा धोका, आणि या खटल्यात तोही आहे. पेरारिवलनवरचा मुख्य ठपका म्हणजे त्याने ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या विकत आणून शिवरासनला दिल्या. त्या स्फोटकाच्या पट्ट्यात वापरल्या गेल्या, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. या ठपक्याचा आधार होता टाडाखालचा कबुलीजबाब. तो नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर २०१३ मध्ये जाहीरपणे, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयातील प्रतिज्ञापत्रात सांगितले की बॅटऱ्या कशासाठी हव्या होत्या ते आपल्याला ठाऊक नव्हते, हे पेरारिवलनचे वाक्य आपण जबाबात लिहिले नाही. कट सिद्ध करायचा तर आरोपीला हेतू माहीत असावा लागतो. ते एक वाक्य लिहिले गेले असते तर निकाल काय लागला असता, हे आता कोणी सांगू शकत नाही. पण २०११ च्या ९ सप्टेंबरला फाशी झाली असती, तर हे कबूल करण्याला काही अर्थच उरला नसता.

हा अपवाद म्हणून बाजूला ठेवता येत नाही. महाराष्ट्रात २००३ मध्ये झालेल्या खून-बलात्काराच्या खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांवर दोष ठेवला गेला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांतल्या तिघांची फाशी कायम केली आणि ज्यांना उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली होती त्या बाकीच्या तिघांचीही वाढवून फाशी केली. दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. पुण्यातील १९९४ च्या एका हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला कैदी गुन्ह्याच्या वेळी जेमतेम साडेबारा वर्षांचा होता, हे मार्च २०२३ मध्ये मान्य झाले. तोवर त्याने २८ वर्षे तुरुंगात काढली होती. आणि चेन्नईत २०१७ मध्ये एका लहान मुलीच्या बलात्कार आणि खुनाने सगळे शहर हादरले होते. त्या खटल्यात चेंगलपट्टूच्या न्यायालयाने २०१८ मध्ये एका तरुणाला फाशीची शिक्षा दिली, मद्रास उच्च न्यायालयाने काही महिन्यांतच ती कायम केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दोषमुक्त केले. बचावाची पुरेशी संधी दिली गेली नव्हती आणि सीसीटीव्हीसारखा कळीचा पुरावा नीट सिद्ध झाला नव्हता, असे न्यायालयाला आढळले. लोकांच्या संतापाच्या वेगाने चालवलेला खटला आरोपीवर अन्याय करतो, आणि त्या मुलीच्या आईबापांवरही: आता त्यांना न्यायही नाही आणि उत्तरही नाही.

मृत्युदंडाच्या समर्थकांचे म्हणणे हलके नाही. काही गुन्हे इतके भयंकर असतात की समाजाने त्यांना सर्वांत मोठी शिक्षा दिली नाही तर बळी गेलेल्यांच्या जिवाचे मोल कमी केल्यासारखे होते. माजी पंतप्रधानाची आणि त्याच्याबरोबर इतक्या निरपराधांची हत्या यापेक्षा दुर्मिळ प्रकरण कोणते, असा त्यांचा प्रश्न असतो. विलंब बहुधा कैद्यांच्याच अर्ज-याचिकांमुळे होतो, मग त्याचा लाभ त्यांनाच का, हेही विचारले जाते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर २०१४ च्या निकालात आहे: कैद्याने केलेल्या कायदेशीर धडपडीचा काळ धरला जात नाही, फाईल ज्या टेबलावर धूळ खात पडली तो काळ धरला जातो. धाकाचा मुद्दा मात्र आकड्यांवर टिकत नाही. कॅनडाने १९७६ मध्ये फाशी रद्द केली, त्यानंतर तिथे खुनांचे प्रमाण वाढले नाही, उलट कमी झाले. आणि अंगाला स्फोटके बांधून आलेल्या धनूला फाशीचा कसला धाक असणार होता?

तमिळनाडूत शेवटची फाशी झाली ती 'ऑटो शंकर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गौरीशंकरला. चेन्नईच्या तिरुवान्मियूर भागातील सहा खुनांबद्दल त्याला १९९१ मध्ये शिक्षा झाली आणि २७ एप्रिल १९९५ रोजी सेलमच्या तुरुंगात त्याला फाशी दिली गेली. 

मृत्युदंड कोणाच्या वाट्याला येतो, याचे उत्तर दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आहे. त्यांनी देशातील फाशीच्या ३७३ कैद्यांशी बोलून नोंदी केल्या. त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घरांतले होते. खालच्या न्यायालयांनी दिलेल्या शंभर फाशींपैकी शेवटपर्यंत टिकतात त्या पाचच्या आसपास. २००० पासून भारतात प्रत्यक्ष आठ जणांना फाशी झाली. त्यांत पुण्याच्या येरवड्यात २०१२ मध्ये मुंबई हल्ल्यातील कसाब आणि नागपुरात २०१५ मध्ये मुंबई बॉम्बस्फोटांतील याकूब मेमन. म्हणजे दरवर्षी शंभराच्या आसपास माणसांना ही शिक्षा सुनावली जाते, ती बहुतेकांना होत नाही, पण त्या सर्वांना तिच्या छायेत वर्षे काढावी लागतात. मेमनच्या फाशीनंतर महिनाभराने, ऑगस्ट २०१५ मध्ये विधी आयोगाने आपला २६२ वा अहवाल दिला आणि दहशतवाद व युद्ध पुकारण्याचे गुन्हे वगळता फाशी रद्द करावी, अशी शिफारस केली. आयोगाचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, मूळचे सोलापूरचे आणि एके काळी मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. तीन सदस्यांनी असहमती नोंदवली. संसदेने शिफारस स्वीकारलेली नाही.

राजीव गांधी खटल्याने मृत्युदंडाच्या पलीकडचा कायदाही घडवला. फाशी रद्द झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तमिळनाडू सरकारने सातही कैद्यांना सोडण्याचे जाहीर केले आणि केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात धावले. डिसेंबर २०१५ मध्ये घटनापीठाने सांगितले की सीबीआयने तपासलेल्या अशा खटल्यात केंद्राच्या संमतीशिवाय राज्याला शिक्षेत सूट देता येत नाही. त्याच निकालाने फाशीऐवजी वीस, पंचवीस, तीस वर्षे सवलतीविना कैद देण्याचा न्यायालयांचा अधिकारही पक्का केला. फाशीला खरा पर्याय आज हाच आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कलम १६१ खाली सुटकेची शिफारस केली. राज्यपालांनी दोन वर्षांहून अधिक काळ निर्णय न घेता ती राष्ट्रपतींकडे पाठवली. १८ मे २०२२ रोजी न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव, अमरावतीचे भूषण गवई आणि ए. एस. बोपण्णा यांनी राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला बांधलेले आहेत असे सांगत, कलम १४२ खाली पेरारिवलनला मुक्त केले. ११ नोव्हेंबरला उरलेले सहा जण सुटले.

विलंबाचा नियम महाराष्ट्रातही आला. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोन बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये रद्द करून जन्मठेप दिली, कारण त्यांच्या दयेच्या अर्जावर सरकारने जवळपास आठ वर्षे घालवली होती. पुण्यातील २००७ च्या बलात्कार-खून खटल्यातील दोघांची फाशी २०१९ मध्ये ३५ वर्षांच्या कैदेत बदलली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम करताना राज्यांना दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष नेमायला सांगितले. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अर्ज करण्याला ३० दिवसांची आणि केंद्राने शिफारस करण्याला ६० दिवसांची मुदत घातली आहे. राष्ट्रपतींनी किती दिवसांत निर्णय द्यावा, याला मुदत नाही. त्यांच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही, असेही त्यात लिहिले आहे. वेल्लूरच्या तिघांना वाचवणारे दार नेमके तेच होते.

सुटलेल्यांतले चौघे श्रीलंकेचे नागरिक होते. त्यांना घरी न पाठवता तिरुचिरापल्लीच्या विशेष छावणीत ठेवले गेले. संथन तिथेच आजारी पडला. श्रीलंकेला जाऊन म्हाताऱ्या आईला भेटायचे, एवढीच त्याची विनंती होती. प्रवासाची कागदपत्रे तयार होत आली असतानाच, २८ फेब्रुवारी २०२४ रोजी चेन्नईतील राजीव गांधी शासकीय रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. त्याचे शव जाफन्याकडील त्याच्या गावी पाठवण्यात आले.